शेळीपालन सुरू करताय? पहिल्या 10 शेळ्या अशा बघून घ्या

बाजारात जायचं, एका दिवसात 25 शेळ्या टेम्पोत भरून आणायच्या आणि महिन्याभरात निम्म्या गमवायच्या, हे इतक्या वेळा बघितलंय की कोणी नवीन शेड बांधलं की मी आधी एवढंच सांगतो, 10 शेळ्या घ्या, 1 बोकड घ्या, बास. आणि शक्यतो बाजारातून नको, ज्याच्या दावणीला वाढल्यात त्याच्या घरी जाऊन घ्या. थोडे जास्त पैसे जातील, जाऊ द्या.

जात कुठली तर आपल्या भागातली. धाराशिव, लातूर, सोलापूरकडं उस्मानाबादी, नगर-नाशिककडं संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. बोअर या परदेशी जातीचा बोकड यूट्यूबवर लय भारी दिसतो पण पहिल्या वर्षी त्या नादाला लागू नका, त्याला खाऊ घालता घालता खिसा रिकामा होतो. आणि उस्मानाबादी बहुतेक काळी असते हे खरं, म्हणून दिसेल ती काळी शेळी उस्मानाबादी होत नाही.

आता मेन मुद्दा. मटणासाठी पाळायच्या म्हणून लोक अंगानं थोराड शेळी शोधत बसतात, पण शेळी थोडीच विकायचीय, विकायची करडं. गाभण काळ 150 दिवसांचा, नीट सांभाळली तर 2 वर्षांत 3 वेळा विते, दर वेळी जुळी झाली तर 6 करडं, आणि ती जगवायची तर आईला दूध पाहिजे, नाहीतर जुळ्यातलं एक जातंच. म्हणून शेळीची आधी कास बघा. दोन्ही सड सारखे, करडाच्या तोंडात मावतील असे, कास मऊ, दाबून गाठ लागायला नको. हेडी लोक (जनावरांचे दलाल) सकाळचं दूध न काढता कास तुंबवून आणतात, दिसायला टच्च भरलेली, तर समोर दूध काढायला लावा. चांगली कास रिकामी झाली की सुरकुतते, नुसती मांसल असेल ती तशीच राहते.

अजून एक गंमत, दुसरीची करडं शेजारी बांधून "जुळं देणारी आहे" म्हणून विकतात. करडं सोडून बघा, शेळी शेपटीकडं हुंगून आपलंच पाजते, परकं आलं की ढुशी मारते. पाजलं नाही तर पुढं चला.

दात बघायला लाजू नका. 2 दाती म्हणजे पुढचे 2 पक्के दात आलेली, साधारण सव्वा-दीड वर्षाची, 4 दाती 2 वर्षांच्या आसपास. 2 किंवा 4 दाती, एकदा व्यालेली शेळी नवख्याला सगळ्यात बरी. दात झिजलेली कितीही स्वस्त मिळाली तरी नको. खालची पापणी ओढून बघा, आत लालगुलाबी पाहिजे, पांढरट पडली असेल तर पोटात जंत. शेपटीखाली चिकट, नाकातून शेंबूड, लंगडणं, यातलं काही दिसलं की सोडून द्या. गाभण घेताना शेवटच्या महिन्यातली नको, प्रवासात गाभडते. "2 महिन्यांची गाभण आहे" हे तोंडानं कोणीही सांगतं, खात्री करायची तर डॉक्टरकडून सोनोग्राफी.

बोकड मात्र दुसऱ्या गावचा आणा, शेळ्यांच्याच कळपातला घेतला तर भाऊ-बहिणीचा मेळ होतो आणि करडं खुरटतात. जुळ्यातला असावा, दोन्ही अंड सारखे आणि भरलेले, पाय सरळ. एक बोकड 20-25 शेळ्यांना पुरतो, पण दीड-दोन वर्षांनी बदला, नाहीतर स्वतःच्याच पाठींवर (मादी करडांवर) जाईल.

घरी आणल्यावर जुन्या जनावरांत लगेच सोडू नका, 21 दिवस लांब बांधा. पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लस विकणाऱ्यानं दिली का ते विचारा, दिली नसेल तर थकवा गेल्यावर डॉक्टरांना बोलवून द्या. पहिले 4 दिवस खुराक नको, सुका चारा आणि पाणी, ज्याच्याकडून आणल्या त्याचाच थोडा कडबा किंवा भुस्कट मागून आणलं तर अजून बरं, लोक देतात.