गाडी न पोहोचणारी पुळण कशी साफ करावी

कोकणात कित्येक पुळणींवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांवर, कड्यावरून पाऊलवाटेने उतरावं लागतं, नाहीतर होडीने जावं लागतं. तिथे वस्ती नसते, तरी पावसाळ्यात समुद्र प्लॅस्टिकचा खच आणून टाकतो. तो वेचणं सोपं, बाहेर काढणं कठीण. म्हणून आधी होडी ठरवा. पोती धक्क्यावर उतरल्यावर कुठे जाणार, हे ग्रामपंचायतीशी आणि भंगारवाल्याशी बोलून घ्या. एका वर्षी आम्ही हे न ठरवताच गेलो. चाळीस पोती भरली, उद्या नेऊ म्हणून वाळूवर रचून ठेवली. रात्री उधाण आलं आणि सकाळी निम्मी पोती फुटून बाटल्या पुन्हा लाटांवर तरंगत होत्या. फार वाईट वाटलं.

मग तिथी बघा. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. पंचमीला पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती, दहाच्या आसपास ओहोटी. सातला कामाला लागलात तर तीन तास पाणी मागेच हटत असतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा. महिना ऑक्टोबरचा उत्तम. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर तेव्हा कासवांची घरटी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्रांना विचारल्याशिवाय वाळू उकरू नका.

सोबत जाड हातमोजे, बूट, सिमेंटची रिकामी पोती, कोयती आणि भरपूर पिण्याचं पाणी.

थर्माकोल आधी उचला. वारा सुटला की त्याचे दाणे होतात आणि मग ते हाती लागत नाहीत. बाटली पोत्यात टाकण्याआधी उपडी करून झटका, आत शंखातले खेकडे अडकलेले असतात. वाळूत गाडलेलं जाळं हिसकू नका. भोवतीची वाळू हाताने बाजूला करा, दिसेल तेवढं कोयतीने कापा. पोतं अर्धंच भरा, ओल्या वाळूने ते उचलवत नाही.

मर्यादवेल उपटू नका, वाळू तिनेच धरून ठेवलेली असते. शंखशिंपले, वाहून आलेले ओंडकेही राहू द्या. सुया, बंद पिंपं, समुद्री साप यांना हात लावू नका. ब्लू बॉटल हा जेलीफिशसारखा निळा, फुगलेला समुद्री जीव मेलेला असला तरी डंख करतो. आणि कचरा तिथे जाळायचा नाही, कितीही दमलात तरी.

पाणी चढू लागलं की होडी पुळणीला लागते. पोत्यांची तोंडं बांधून, मोजून चढवा आणि वरून जुनं जाळं आवळा. शेवटची खेप सुटेपर्यंत उरलेल्या पोत्यांपाशी दोघांनी थांबायचं.