मॅर्केटला निघण्याआधी

सगळ्यात आधी हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवा. मॅर्केट म्हणजे स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या समुद्रातला जेमतेम साडेतीनशे मीटर लांबीचा उघडा खडक. तिथे बंदर नाही. वारा उठला की नाव खडकाला लागत नाही, आल्या पावली परत फिरावं लागतं. म्हणून उन्हाळ्यातच जा आणि फिनलंडच्या ओलंड बेटांवर, एकेरोला मुक्काम करा. स्टॉकहोमकडून येणाऱ्यांना ग्रिसलेहाम्नहून फेरीबोट आहे. आदल्या संध्याकाळी नाववाल्याला पुन्हा विचारा. तो नको म्हणाला तर हट्ट धरू नका, ते पाणी त्याच्या ओळखीचं आहे.

बूट रबरी तळाचे हवेत, कारण पाण्यालगतचा दगड शेवाळाने बुळबुळीत असतो. उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात, तेव्हा सामान पाठीवरच्या सॅकमध्ये. जुलै असला तरी स्वेटर, विंडचीटर आणि कानटोपी घ्या. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. प्यायचं पाणी सोबत न्या. खायला दशम्या-चटणी उत्तम. चिवडा नको, वाऱ्यावर उडून जातो. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या.

मनगटी घड्याळ फिनलंडच्या वेळेवर लावा. स्वीडन एक तास मागे आहे, आणि मोबाइल कधी कुणाचं नेटवर्क धरेल त्याचा भरवसा नाही.

या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे सीमेचा नकाशा. तो आधी नीट बघा आणि छापून न्या, नाहीतर नुसते दगड बघून परताल. 1809 मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला दिला, तेव्हा सीमा या खडकाच्या मधोमध गेली. 1885 मध्ये रशियाच्या अमलाखालच्या फिनलंडने इथे दीपगृह बांधलं, तेही बेटाच्या स्वीडिश अर्ध्यात! पुढे शंभर वर्षं ते तसंच परक्या जमिनीवर उभं राहिलं. 1985 मध्ये दोन्ही देशांनी सीमा नव्याने आखली. दीपगृह फिनलंडकडे गेलं, पण जमीन जेवढी घेतली तेवढीच परत द्यायची आणि किनाऱ्याची वाटणी हलवायची नाही, कारण मासेमारीचे हक्क त्यावर ठरतात. म्हणून ती रेघ उलट्या एससारखी वळणं घेत जाते. भांडण न वाढवता केलेला इतका काटेकोर हिशेब मला फार मोलाचा वाटतो. सीमेवर खांब नाहीत, हिवाळ्यातला बर्फ ते टिकू देत नाही. खडकात भोकं पाडलेली आहेत. त्यातलं एक शोधा, वाकून त्यात बोट घालून बघा.

पुण्या-मुंबईत कुणी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवणारा, ओळखीचा असेल तर त्याला निघण्याआधी नक्की कळवा. या हौशी मंडळींच्या यादीत मॅर्केट वेगळा प्रदेश म्हणून मोजला जातो, ओजे-झिरो (OJ0) या संदेश-खुणेने.

थोडे युरो रोख ठेवा. फिनलंडच्या दीपगृह संस्थेचे स्वयंसेवक 2007 पासून ही इमारत दुरुस्त करत आहेत, त्यांना हातभार लावता येईल. आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी सॅकच्या वरच्या कप्प्यात टाका.