कॉफी तोडणीचं अवजार करताना आधी डावा हात बघा

कॉफीच्या तोडणीसाठी अवजार करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी फळं ओरबाडणारं काहीतरी येतं. मी अवजारं घडवतो, आणि माझं मत उलट आहे. फळ तोडायला बोटांइतकं चांगलं काही नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून जरा पीळ दिला की पिकलेलं फळ सुटतं आणि देठ झाडावरच राहतो. अडकून पडतो तो दुसरा हात, कारण त्याला फांदी धरून ठेवावी लागते. म्हणून तोडणाऱ्याच्या शेजारी तासभर उभे राहा आणि फक्त डावा हात बघा. (डावखुरा असेल तर उजवा.)

तेव्हा पहिलं अवजार आकडीचं. आकडीचं तोंड रुंद ठेवा, टोक बोथट करा आणि आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, म्हणजे साल सोलली जाणार नाही. आकडीला दोरी, दोरीच्या खालच्या टोकाला पाऊल घालायचा फास. फांदी पायानं खाली धरली की दोन्ही हात मोकळे. दोरीची लांबी कमीजास्त करता येईल अशी सरकगाठ हवीच, कारण दोन झाडं कधी एका उंचीची नसतात. उतारावर मात्र फास पायात नको. पाय घसरला तर फांदी उसळून आकडी तोंडावर येते. तिथे दोरी शेजारच्या झाडाच्या बुंध्याला अडकवा.

मग टोपली. एक किलो सुक्या हिरव्या बियांसाठी साधारण पाच-सहा किलो फळं लागतात, म्हणजे वाहायचं ओझं बरंच. ते मानेवर टांगू नका, रुंद पट्ट्यानं कमरेवर घ्या. टोपलीचं तोंड बेंबीच्या उंचीला आलं की हात फार खालीवर करावा लागत नाही. तळाला कापडी नळी शिवा आणि वर दुमडून अडकवा. ती सोडली की माल पोत्यात उतरतो, वाकायला नको.

एवढं करूनही फणी, म्हणजे फांदीवरून ओढून फळं ओरबाडणारं दातांचं अवजार, करायचीच असेल तर आधी स्प्रिंगचा वजनकाटा घ्या. फळाला दोऱ्याचा फास लावून हळू ओढा आणि कितीला सुटतं ते लिहा. पिकलेली वेगळी, हिरवी वेगळी. पिकलेलं सहसा कमी ओढीत सुटतं आणि फणीचं सगळं गणित या फरकावर चालतं. तुमच्या झाडांत तो फरक थोडाच निघाला तर फणी हिरवंही खेचणार. मग तो नाद सोडा. अरेबिका या कॉफीच्या जातीत एकाच फांदीवर पिकलेली आणि हिरवी फळं शेजारी शेजारी असतात, कारण फुलं एकदम येत नाहीत. फळं बऱ्यापैकी एकदम पिकली असतील तरच फणीला अर्थ आहे.

दातांमधली फट फांदीपेक्षा मोठी आणि फळापेक्षा लहान हवी. फळं साधारण 10 ते 15 मिलिमीटरची असतात, पण स्वतःची मोजूनच घ्या. टोकं गोल हवीत. दात थोडे लवचीक असले तर पेराला, म्हणजे फांदीवर जिथे फळं लागतात त्या गाठीला, धक्का कमी बसतो. पेराची काळजी एवढ्यासाठी, की ते सोललं तर झाडाला जखम होते आणि कोवळ्या टोकाकडच्या पेरांवर पुढचा बहार यायचा असतो. मूठ 30 ते 40 मिलिमीटर जाडीची, ओल्या हातातही न निसटणारी.

चाचणी घेताना किती किलो निघाले एवढंच मोजू नका. शंभर फळं ताडपत्रीवर पसरा. हिरवी किती, देठासकट किती, चिरडलेली किती, ते मोजा. झाडावर सोललेली पेरं आणि तुटलेली पानंही बघा. खाली किती सांडलं तेही, कारण मागे राहिलेल्या फळांत फळ पोखरणारा भुंगेरा वाढतो. नंतर अवजाराचा नमुना तोडणाऱ्याकडे दिवसभर ठेवून निघून जा. तुम्ही समोर असलात की तो भिडेनं वापरत राहील. दुपारनंतर अवजार फांदीला टांगलेलं दिसलं तर 'कसं वाटलं' असं विचारू नका, 'कुठे टोचतंय' विचारा, आणि तिथलीच कड घासा.