जुन्या बाजारातला चाकू नेमका किती जुना आणि कुठला?

जुन्या बाजारातून घडीचा चाकू घरी आणलात ना, आता आधी एक काम करा, त्याला घासू नका. मी माझा पहिला चाकू सँडपेपरने तासभर घासला, अगदी आरशासारखा केला, आणि नंतर लक्षात आलं की पात्यावर फिकट अक्षरं होती ती पण गेली. आता तो नुसता चमकतो, सांगत काहीच नाही. राखाडी-निळसर डाग असतात ते कार्बन स्टीलवर वर्षानुवर्षं चढलेले असतात, ते राहू द्या. लाल गंज असेल तर तेल लावून कापडाने पुसा, बास.

मग पातं हळू उघडा आणि त्याचं बूड बघा, म्हणजे मुठीला टेकतो तो बिनधारेचा भाग, टँग म्हणतात त्याला. शिक्का बहुतेक इथेच असतो, आणि दोन्ही बाजूंना बघायचं बरं का, कारण बऱ्याचदा एकीकडे नाव आणि दुसरीकडे देश किंवा मॉडेल नंबर असतो. टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही, आडवा धरा, सावलीत अक्षरं उठून येतात. तरी नाही जमलं तर खडूची पूड चोळून वरची पुसून टाका.

लोक ब्रँड शोधत बसतात, मी आधी देश वाचतो. ब्रँडची नावं विकली जातात, नवा मालक तेच जुनं नाव दुसऱ्याच देशात बनवलेल्या मालावर ठोकतो, पण देशाचं नाव काळाबरोबर बदलतं आणि तिथेच तारीख सापडते. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देश लिहायला लावला, त्यामुळे 'जर्मनी' असा शिक्का असलेला चाकू सहसा त्यानंतरचा. देश नसला म्हणजे तो त्याआधीचा असं मात्र नाही हं, घरच्या बाजारासाठी बनवलेल्या मालावर लिहायची गरजच नव्हती. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०, प्रश्नच मिटला. 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. 'पाकिस्तान' दिसलं तर १९४७ नंतरचा, मग विकणारा त्याला कितीही राणी व्हिक्टोरियाच्या काळातला म्हणू दे. झोलिंगन हे जर्मनीतलं चाकू-कात्र्यांचं शहर आहे, कंपनी नाही, तसंच इंग्लंडमधलं शेफील्ड. शेफील्डच्या पात्यांवर कधीकधी मुकुट आणि बाजूला 'व्ही आर' (व्हिक्टोरिया) किंवा 'जी आर' (जॉर्ज) अशी राजा-राणीची अक्षरं असतात, पण 'जी आर' बघून एकदम अठराव्या शतकात उडी मारू नका, जॉर्ज नावाचे राजे १९१० ते १९५२ मध्येही दोन होऊन गेले.

काही कंपन्यांनी आपलं काम फारच सोपं केलंय. अमेरिकेच्या 'केस' (Case) कंपनीच्या चाकूवर १९७० मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके होते आणि पुढे दरवर्षी एक कमी होत गेला, म्हणजे सात ठिपके म्हणजे १९७३. १९८० मध्ये परत दहा आले, फक्त नावातला 'एस' विजेसारखा वाकडा केला. फ्रेंच ओपिनेलच्या मानेवर पातं लॉक करणारी फिरती रिंग असेल तर तो १९५५ च्या आधीचा नाही. व्हिक्टोरिनॉक्स हे नावच १९२१ चं, त्यातलं 'इनॉक्स' म्हणजे स्टेनलेस. आणि मुळात कटलरीसाठीचं स्टेनलेस स्टील शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने १९१३ ला बनवलं, तेव्हा पात्यावर 'स्टेनलेस' लिहिलंय आणि विकणारा १८८० म्हणतोय तर हसून पुढे चला.

आता मूठ. हाडाच्या मुठीवर बारीक काळे ठिपके-रेघा दिसतात, हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा असतात (हस्तिदंत निघाला तर विकायच्या-पाठवायच्या आधी कायदा बघा). सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, बोटाने जोरात चोळलं की कापरासारखा वास येतो. तापलेली सुई टोचून बघा असं कुणी सांगेल, चुकूनही करू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. शिवाय ते कुजायला लागलं की त्याच्या वाफेने शेजारचे चाकू पण गंजतात, म्हणून वेगळं ठेवा. मुठीच्या टोकाचा धातू लोहचुंबकाने तपासा, चिकटला तर लोखंड, नाही तर बहुतेक जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी अजिबात नसते.

स्क्रू विसरू नका! अधिक चिन्हासारख्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला आणि सहा पाकळ्यांचा टॉर्क्स १९६७ चा. पण पातं जुनं आणि स्क्रू नवा असं दिसलं तर मूठ नंतर बदललेली असू शकते, दोन मोडक्या चाकूंचा एक करून विकणारे पण आहेत. रिव्हेट नव्याने ठोकल्यासारखे चकचकीत आहेत का, पातं मिटल्यावर खाचेत नीट बसतं का ते बघा. पातं खाचेपेक्षा बरंच बारीक असेल तर मात्र ते धार लावून लावून झिजलेलं असेल, ते चालतं.

शेवटी एकच साल काढायचा हट्ट नको, १९४९ ते १९६० असं काहीतरी हाती लागलं तरी भरपूर झालं, चिठ्ठीवर लिहून चाकूबरोबर ठेवून द्या. चिठ्ठी चाकूला चिकटवू मात्र नका, गोंदाखाली गंज धरतो.