जग अनादि आहे का? उत्तर-प्राचीन सत्ताशास्त्राच्या नव्या अभ्यासकांसाठी

उत्तर-प्राचीन काळातील (साधारण इसवी सनाचे तिसरे ते सहावे शतक) सत्ताशास्त्राकडे, म्हणजे अस्तित्वाच्या स्वरूपाचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाकडे, वळणाऱ्यांना मी नवप्लेटोवादाचा प्रवर्तक प्लोटायनस याचे समग्र लेखन आधी वाचण्याचा सल्ला देत नाही. त्याचे ५४ प्रबंध त्याचा शिष्य पॉर्फिरी याने नऊ-नऊच्या सहा गटांत लावले असले, तरी त्यांतला जवळजवळ प्रत्येक प्रबंध बाकीचे ठाऊक आहेत असे धरूनच चालतो. त्यापेक्षा एकच प्रश्न हाती घेऊन दोन्ही पक्षांचे ग्रंथ वाचावेत. मला स्वतःला वाट सापडली ती जगाला आरंभ आहे का, या प्रश्नामुळे.

सुरुवात ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनाच्या (‘कन्फेशन्स’) अकराव्या प्रकरणापासून करावी. काळच सृष्टीबरोबर निर्माण झाला, त्यामुळे ‘त्याआधी देव काय करत होता’ हा प्रश्नच उभा राहत नाही, असे तो म्हणतो. लगेच प्लोटायनसचा शाश्वतता व काळ यांवरचा प्रबंध घ्यावा. काळ म्हणजे ग्रहगोलांची गती, हे मत दोघांनाही अमान्य आहे.

खरी चुरस पुढे आहे. अथेन्सच्या नवप्लेटोवादी प्रोक्लसने जगाच्या अनादित्वासाठी १८ युक्तिवाद मांडले आणि अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती जॉन फिलोपोनसने इ. स. ५२९ मध्ये त्यांचे एकेक करून खंडन केले. फिलोपोनसने पूर्वपक्ष इतका सविस्तर उतरवला आहे, की प्रोक्लसचे ते युक्तिवाद आज मुख्यतः त्यामुळेच वाचता येतात. अनंताची मोजणी पूर्ण होऊ शकत नाही, हे ॲरिस्टॉटलचेच तत्त्व फिलोपोनस त्याच्या अनुयायांवर उलटवतो: जग अनादि असेल, तर शनीच्या प्रदक्षिणा अनंत झाल्या, आणि सूर्याच्या त्याच्या तीसपट, मग एक अनंत दुसऱ्याहून मोठे मानावे लागेल. सरलेल्या प्रदक्षिणा एकाच वेळी अस्तित्वात नसतात, हे ॲरिस्टॉटलचा ख्रिस्ती नसलेला भाष्यकार सिम्प्लिशियस याचे उत्तर मला सामान्यतः समजले जाते त्याहून वजनदार वाटते.

या वादाला ‘ख्रिस्ती विरुद्ध ग्रीक’ असे लेबल लावण्याची घाई करू नये. फिलोपोनस व सिम्प्लिशियस हे दोघेही अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ अमोनियस याचे शिष्य होते आणि अमोनियस स्वतः प्रोक्लसचा.

ग्रीक भाषा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. रिचर्ड सोराबजी यांनी संपादित केलेल्या, ॲरिस्टॉटलच्या प्राचीन भाष्यकारांच्या ग्रंथमालेतील इंग्रजी अनुवाद पुरेसे आहेत. मात्र फिलोपोनसचा ॲरिस्टॉटलविरोधी ग्रंथ अखंड उरलेला नाही. त्याचे बरेचसे उतारे सिम्प्लिशियसच्या भाष्यांतून वेचावे लागतात, आणि ते वेचताना भोवतालची शिवीगाळ बाजूला ठेवावी लागते.