अकरावीचं मानसशास्त्र: व्याख्येआधी उदाहरण फोडा

अकरावीला मानसशास्त्र घेतलं की मुलं आधी व्याख्या घोकायला बसतात. व्याख्या येते, पण उदाहरण ओळखा म्हटलं की हात थांबतो. त्यापेक्षा उलट्या बाजूने या.

अभिजात अभिसंधान घ्या, म्हणजे दोन गोष्टी वारंवार सोबत आल्या की एकीनेच दुसरीची प्रतिक्रिया येऊ लागणं. हे शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचं. ठाण्यात नौपाड्याला गाडीवरच्या कढईत वडे सोडले, चर्र आवाज आला, तोंडाला पाणी सुटलं. वहीत चार रकाने पाडा. वडा तोंडात जाणं हा नैसर्गिक उद्दीपक, त्याने सुटलेली लाळ ही नैसर्गिक प्रतिक्रिया. चर्र आवाज हा अभिसंधित उद्दीपक, नुसत्या आवाजाने सुटलेली लाळ ही अभिसंधित प्रतिक्रिया. लाळ दोनदा येते, गोंधळ तिथेच होतो. ती कशामुळे सुटली, एवढंच बघायचं.

आता फसवं उदाहरण. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन ठाणे’ ऐकलं की माणूस दाराकडे सरकतो. हे पाव्हलॉव्हच्या खात्यात टाकू नका. सरकणं आपल्या हातातलं आहे आणि उतरायला मिळतं म्हणून ते टिकतं. ते मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचं, साधक अभिसंधान: परिणामावरून वागणं वाढतं किंवा घटतं.

याच साधक अभिसंधानात गुण सर्रास जातात ते ऋण प्रबलनात, कारण ‘ऋण’ वाचून मुलं शिक्षा लिहून मोकळी होतात. प्रबलन कुठलंही असो, वागणं वाढतंच. पट्टा लावला की गाडीतली टीं-टीं बंद होते, म्हणून पुढच्या वेळी आपण पट्टा लावतो: नकोसं काहीतरी गेलं, वागणं वाढलं. तीन हात नाक्यावर हेल्मेट नसल्याचा दंड बसला आणि बिनहेल्मेटचं फिरणं घटलं, तर ती शिक्षा.

स्मृतीचं प्रकरण उघडण्याआधी घरातल्या कुणावर तरी अंकांचा प्रयोग करा. 4 ते 9 अंकी, प्रत्येक लांबीच्या दोन माळा आधीच लिहून ठेवा. सेकंदाला एक अंक, सपाट आवाजात. हेल काढलात तर ऐकणाऱ्याला आयते गट मिळतात. माळ संपली की त्याच क्रमाने म्हणायला सांगा. एका लांबीच्या दोन्ही माळा चुकल्या की थांबा. एका वेळी लक्षात राहणाऱ्या गोष्टींचा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 साली मांडलेला आकडा सात, दोन कमी किंवा जास्त.

माळेत 400601 येऊ देऊ नका. ठाणेकराला ते सहा अंक वाटतच नाहीत, पिनकोड म्हणून एका घासात जातात आणि मोजणी फुगते. चुकून आलंच तर ती मोजणी बाद करा, पण कागद जपून ठेवा. गटीकरणाच्या, म्हणजे सुटे अंक एका गटात बांधून लक्षात ठेवण्याच्या, उत्तराला घरचं उदाहरण मिळालं.