घर किंवा गाळा भाड्याने देताना कोल्हापुरातील मालकांनी घ्यायची कायदेशीर काळजी

कोल्हापुरात आजही मुद्रांकावर करार टंकून घ्यायचा, नोटरीचा शिक्का मारायचा आणि किल्ली हाती द्यायची, अशीच पद्धत सर्रास दिसते. करार अकरा महिन्यांचा असल्याने नोंदणीची गरज नाही, असे मालकाला ठामपणे सांगितलेले असते. नोंदणी अधिनियम, १९०८ पुरते पाहिल्यास एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, हे खरे आहे. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीसाठी जागा वापरण्याची फक्त परवानगी देणारा करार), मुदत कितीही कमी असली तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिक्षेपेक्षाही मालकाला जड जाणारा परिणाम वेगळाच आहे: भाडे किती ठरले, कोणत्या अटींवर ठरले, यावर वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

हा धोका पत्करून वाचते तरी किती, याचा हिशेब एकदा करून पाहावा. राजारामपुरीतील एखादा फ्लॅट दरमहा १०,००० रुपये आणि परत करावयाचे ५०,००० रुपये डिपॉझिट या बोलीवर अकरा महिन्यांसाठी दिला, तर एकूण भाडे १,१०,००० रुपये होते आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज सुमारे ४,५८३ रुपये. या बेरजेवर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास येते, तर शहरी भागातील नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. आधारच्या आधारे ही नोंदणी ऑनलाइनही होते, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयात खेटे घालावे लागतील ही सबबही आता उरलेली नाही.

राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर लिहिलेला व नोंदलेला असेल, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ चे बळ मालकाला मिळते. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर या अधिनियमाखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि त्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मिळू शकते. हा मार्ग फक्त निवासी जागेसाठी आहे. दुकानाच्या गाळ्याला तो लागू पडत नाही, ही गोष्ट अनेक गाळेमालकांना ताबा मागायची वेळ आल्यावरच समजते.

हातातली चांगली बाजू मालक घालवून बसतो ती बहुधा रागाच्या भरात. भाडे थकले म्हणून नळ बंद करणे, वीज तोडणे किंवा भाडेकरू गावी गेला असता कुलूप बदलणे, हे कितीही साधे वाटले तरी बेकायदेशीर आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट यांसारख्या अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाहीत आणि तसे करणे शिक्षेस पात्र आहे. कायदेशीर प्रक्रियेविना बाहेर काढलेल्या भाडेकरूला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो आणि तेथे मालकी कोणाची हा प्रश्नच पाहिला जात नाही. थकीत भाड्यासाठी भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ ची लेखी मागणी-नोटीस द्यावी, ९० दिवस थांबावे आणि मगच दावा लावावा.

पूर येणाऱ्या या शहरात दुरुस्तीची जबाबदारी हा विषय करारात एका ओळीत उरकू नये. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा भिजलेल्या भिंती, वायरिंग आणि फर्निचर यांचा खर्च कोणाचा, हा प्रश्न अनेक ठिकाणी उभा राहिला. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे जागा वापरण्याजोग्या स्थितीत ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. त्याने हयगय केली, तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश मर्यादेपर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये तर पुराचा उल्लेखच आहे: जागेचा महत्त्वाचा भाग पुराने कायमचा निरुपयोगी झाला, तर एरवी करारात वेगळे ठरले नसल्यास भाडेपट्टा रद्द समजण्याचा पर्याय भाडेकरूला मिळतो. म्हणून सखल भागातील जागेच्या करारात पूरकाळातील भाडे, मालाचा विमा आणि साफसफाईचा खर्च यांबद्दल स्वतंत्र कलमे असावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरीसारख्या जुन्या बाजारपेठेतील गाळा विकत घेताना जुना भाडेकरू आत असेल, तर त्याला कायद्याने मिळालेले संरक्षणही आपल्या गळ्यात येते, हे ध्यानात ठेवावे. प्रमाणित भाड्यात, म्हणजे कायद्याने ठरलेल्या भाड्यात, सर्वसाधारणपणे वर्षाला ४ टक्क्यांची वाढ करता येते. याउलट बँका आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रण अधिनियमाचे संरक्षण नाही, त्यामुळे त्यांच्याशी होणारा करारच सर्वस्वी निर्णायक ठरतो. राहत्या घराची पुढची खोली दुकानासाठी देताना महावितरणची घरगुती जोडणी तशीच चालू ठेवणे ही आणखी एक नित्याची चूक आहे, कारण वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते. गाळ्याचे भाडे आणि इतर करपात्र उलाढाल मिळून वर्षाला २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यास जीएसटी नोंदणीही करावी लागते.

भाडे मिळाल्यावर पावती देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे, रोखीने घेतले असेल तर विशेषच. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवण्याचा आदेश लागू असेल, तर ती कळवल्याची पोच करारासोबत जपून ठेवावी. जागा परत घेताना मीटरचे आकडे, भिंती-नळांची छायाचित्रे आणि किल्ली मिळाल्याची सही असलेला कागद तयार करावा आणि डिपॉझिटमधून काही कापायचे असल्यास त्याची बाबवार यादी त्याच दिवशी भाडेकरूच्या हाती द्यावी.